लांबलेलं चाक

गास गावातल्या चर्चच्या सणाला सायकलची शर्यत व्हायची आणि शर्यतीनंतर भांडण व्हायचं, हे ठरलेलंच होतं. मागच्या वर्षी पहिला कोण यावरून दोन आळ्या अशा हातघाईवर आल्या की बँडवाल्यांनी वाद्यं उचलून पोबारा केला. म्हणून चौऱ्याऐंशीच्या सणाआधी फादर फर्डिनंडनी आलोशियसला गाठलं. मुंबईच्या रेसकोर्सवर घोड्यांचा निकाल टिपणाऱ्या कॅमेऱ्यावर जन्म काढून तो नुकताच घरी बसला होता. खरं तर त्याला बसूच द्यायला हवं होतं. पाठ गेली होती, फिल्म धुवायच्या औषधांनी डोळे चुरचुरायचे, आणि कॅमेरा म्हटलं की जांभई यायची. पण फादरना नाही कसं म्हणायचं?

त्यात त्याचा सिप्रियन शर्यतीत होता. मुलगा सायकलवर आणि बाप कॅमेऱ्यावर, हे कोणाला खटकलं नाही असं नाही. पण आलोशियस खोटं बोलेल असं म्हणायला गावात कुणाची जीभ रेटली नाही.

या वर्षी बक्षिसाचा कप नुसता नावाला होता. वालीवच्या एका कारखान्यानं सायकलपटूंचा संघ काढला होता, आणि पहिला येईल त्याला संघात घेऊन कायमची नोकरी द्यायची म्हणून त्यांचे साहेब मांडवात येऊन बसले होते. अशा एका नोकरीसाठी आलोशियस किती वर्षं पहाटे चारला उठत होता. आधी आपण उठायचं, चहा ठेवायचा, मग सिप्रियनला सायकलच्या सरावासाठी हलवायचं. बापासारखी अंधाऱ्या खोलीत किंवा आईसारखी केळीच्या वाडीत त्याची पाठ मोडू नये, एवढंच त्याचं मागणं होतं.

मोडीत निघालेले भाग जोडून आलोशियसनं कॅमेरा उभा केला. दिसायला तो खोकाच होता. इतर कॅमेऱ्यांसारखा तो एका क्षणाचा फोटो काढत नसे. त्याला केसाएवढी उभी फट होती. ती रस्त्यावरच्या चुन्याच्या रेघेवर रोखलेली, आणि तिच्यामागून फिल्म एका गतीनं सरकत राहायची. रेघ ओलांडेल तेवढंच फिल्मवर उमटायचं. जो आधी ओलांडेल तो चित्रात पुढे. उभ्या माणसांच्या आणि भिंतींच्या नुसत्या आडव्या रेघा व्हायच्या. फिल्मची गती सायकलच्या वेगाशी जुळवलेली, त्यामुळे जोरात आलेल्याचं चाक गोल दिसायचं आणि हळू आलेल्याचं ताणून अंड्यासारखं लांबायचं. ही शेवटची गोष्ट आलोशियसनं कुणाला सांगितली नव्हती. कुणी विचारलीही नव्हती.

किल्ल्यापर्यंत जाऊन परत येणाऱ्या शर्यतीत शेवटी दोघंच उरले, सिप्रियन आणि खाडीकाठचा बळीराम. बळीराम त्याच कारखान्यात रोजंदारीवर पेट्या उचलायचा. दोघं एकदमच आले आणि लोकांनी दोन्ही नावांचा गलका केला. आलोशियसनं काही पाहिलं नाही. त्याची नजर फिल्म सरकवणाऱ्या मोटरवर होती. मुलगा सायकल कशी मारतो हे त्यानं कधीच पाहिलं नव्हतं. शर्यती रविवारी असायच्या, आणि रविवारी तो कायम रेसकोर्सवर असायचा.

चर्चच्या कोठीच्या खोलीला काळे पडदे लावले होते. तिथं त्यानं फिल्म धुतली आणि दिव्यासमोर धरली. बळीरामचं पुढचं टायर नखभर पुढे होतं. नखभरच. ते वाचणारा गावात दुसरा कुणी नव्हता. आलोशियसच्या मनात जे यायचं ते आलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली. मग त्याची नजर खाली गेली. बळीरामचं चाक गोल होतं. सिप्रियनचं लांबलं होतं, आणि त्याची दोन बोटं ब्रेकवर होती.

त्यानं सिप्रियनला आत बोलावलं.

"ब्रेक का दाबलास?"

सिप्रियननं आढेवेढे घेतले नाहीत. "दिसतं यात?"

"चाक दिसतं."

"दमलोय, पप्पा," सिप्रियन पोत्यावर बसत म्हणाला. "आजचं नाही. कधीपासून दमलोय. जिंकलो असतो तर रोज हेच. बळीराम दातओठ खाऊन मागे लागलेला. म्हटलं, जाऊ दे याला."

"आधी सांगायचंस."

"कसं सांगू? तुम्ही माझ्याआधी उठलेले असायचात."

आलोशियसला संताप आला होता. एवढ्या पहाटा पाण्यात गेल्या. पण शेवटच्या वाक्यानं त्याच्या संतापातली हवाच गेली. पाठीची कळ वर आली आणि तोही पोत्यावर टेकला. बाहेर जाऊन सिप्रियनचं नाव घेतलं असतं, तरी अजून चाललं असतं. दार वाजलं.

बाहेर सगळ्यांत पुढे बळीराम उभा होता, घामानं निथळत. "काका, पयला कोन?" त्यानं विचारलं.

"तू," आलोशियस म्हणाला.

बळीराम तिथंच खाली बसला आणि तोंड झाकून रडायला लागला. लोकांनी त्याला उचललं, बँड सुरू झाला. फादर मात्र चौकस माणूस. त्यांनी फिल्म मागून घेतली आणि उजेडात निरखली.

"बळीराम पुढे आहे खरा," ते म्हणाले. "पण सिप्रियनचं चाक असं लांबट का?"

कारखान्याचे साहेबही मान पुढे करून पाहत होते.

"फिल्म ओली आहे, फादर," आलोशियस म्हणाला. "ओली फिल्म ताणली जाते कधीकधी."

फादरनी मान डोलावली. आलोशियसच्या शब्दावर कोण शंका घेणार?

दुसऱ्या दिवशी सवयीनं चारला त्याला जाग आली. तो सिप्रियनच्या खोलीच्या दाराशी गेला, हात वर केला. आत मुलगा गाढ घोरत होता. आलोशियसनं दार अलगद ओढून घेतलं आणि परत येऊन अंथरुणावर पडला.

"उठवलं नाही त्याला?" त्याच्या बायकोनं, बर्थानं, झोपेतच विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "आणि मलाही उठवू नकोस."