आबांची दुसरी एकसष्टी

सुदेशला दृष्टांताशिवाय बोलता यायचं नाही. आमटीत मीठ कमी आहे का, एवढं बायकोने विचारलं तरी स्वारी आधी एखाद्या राजाची गोष्ट सांगायची आणि मग मीठ मागायची. डोंबिवलीतल्या कीर्तनांत पहिल्या रांगेत मांडी ठोकून बसण्यात अर्धं आयुष्य गेलेलं. तो रंग जिभेवर चढला, त्याला बिचारा काय करणार!

वर्तकनगरच्या त्याच्या कंपनीत वेबसाइटवरची कामं माणसाऐवजी उरकणारा एआय एजंट तयार होत होता. तारखा शोधायच्या, रकाने भरायचे, बटणं दाबायची. एकेका कामासाठी एजंटच्या हाताशी एकेक टूल, आणि कुठलं टूल केव्हा उचलायचं हे त्याला कळावं म्हणून प्रत्येकाचं वर्णन. ही वर्णनं मराठीत लिहायचं काम सुदेशकडे आलं. देवाने धाडलेली सेवाच ही, म्हणत त्याने ते घेतलं आणि 'हॉल धरा' या टूलचं वर्णन असं सजवलं:

"भाविकाला सभागृहाच्या दारी नेणारी ही वाट. जसे, आपल्या आबांची एकसष्टी आहे, अडीचशे पानं उठायची आहेत, आप्तेष्ट दारात उभे आहेत, अशा वेळी हे टूल धावून येते."

शेजारच्या टेबलावरच्या रुचिताने ते वाचून हात जोडले. "दादा, टाळ घेऊन येऊ का?"

"ये की! लिखाणात थोडा रस नको का गं?"

"एजंटला कसला रस? काय करायचं, काय नाही करायचं, तेवढं सांगा ना त्याला."

"आज बघशील तू," सुदेश म्हणाला.

चाचणीसाठी घरचं काम घेतलं तरी चालणार होतं, आणि सुदेशच्या घरी मोठं काम निघालेलं. त्याची लेक संचिता पहिलंवहिलं कीर्तन करणार होती. तिच्या बुवांचा रिवाज असा, की शिष्याच्या पहिल्या कीर्तनाला गुरूने स्वतः समोर यायचं, कपाळी बुक्का लावायचा, मगच नमन. आणि बुवा तर येत्या रविवारनंतर दौऱ्यावर निघणार, ते थेट दिवाळी उलटल्यावर परतणार. पोरगी महिनोन् महिने घसा झिजवत होती. हा रविवार हुकला तर सगळंच लांबलं.

सुदेशने एजंटला सांगितलं, "येत्या रविवारी संध्याकाळी आमच्या घराजवळचा हॉल संचितासाठी धर."

हॉल मिळाला. ऑफिसात पेढे वाटले गेले. रुचिताने दोन खाल्ले.

दुसऱ्या दिवशी हॉलच्या व्यवस्थापक जाईबाईंचा फोन आला. "अभिनंदन हो! आबांच्या एकसष्टीला जिलबी की श्रीखंड? अडीचशे पानं म्हणजे आत्ताच ठरवायला हवं."

सुदेशच्या हातातला पेढा हातातच राहिला. आबा म्हणजे त्याचे वडील. त्यांची एकसष्टी होऊन जमाना झाला होता, पंचाहत्तरीसुद्धा उरकलेली.

रुचिताने एजंटने काय काय केलं त्याची नोंद तपासली आणि तोंडावर हात दाबून हसली. "साइटने विचारलं, कार्यक्रम कसला? पानं किती? तुम्ही सांगितलं नव्हतं. मग त्याने तुमच्या दृष्टांतातून उचललं. तो बिचारा नीट ऐकत होता, दादा. तुमचा पहिला श्रोता!"

"थट्टा नको गं. आता सांगतो त्याला, झाली चूक निस्तर म्हणून."

"थांबा!" तिने कीबोर्डच ओढून घेतला. "'हॉल रद्द करा' टूलला काय लिहिलंयत?"

सुदेशने खालच्या आवाजात वाचलं. "झालेली चूक हळुवार निस्तरते. जसे, माउली लेकराचे मुख पुसते."

"म्हणजे निस्तर म्हटलं की हा हॉल सोडून मोकळा. साइटवर बघा, प्रतीक्षा यादीत लग्नवाले टपून बसलेत."

सुदेशने कपाळ पुसलं आणि जाईबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "कार्यक्रमाचा प्रकार नाही बदलता येत. पण एकसष्टीत तुम्ही गाता की नाचता, ते बघायला मी कुठे येते? साइटवर जेवणाची पानं काढून टाका, तपशिलात काय ते लिहा."

मग सुदेश लिहायला बसला. एकेक ओळ खोडताना जिवावर येत होतं. माउलीपाशी तर बोट अडलंच. शेवटी उरलं ते असं:

"हॉल धरा: मोकळ्या वेळेला हॉल आरक्षित करते. आरक्षण लगेच पक्के होते. कार्यक्रमाचा प्रकार नंतर बदलत नाही. प्रकार किंवा पानांची संख्या माहीत नसेल तर अंदाजाने भरू नये, माणसाला विचारावे."

"हॉल रद्द करा: आरक्षण कायमचे जाते. दुरुस्तीसाठी वापरू नये."

"तपशील बदला: जेवण आणि तपशील बदलते. आरक्षण तसेच राहते."

"कोरडं वाटतं गं," तो कुरकुरला.

"पिठलं नाहीये दादा, टूल आहे."

'जेवण नको, कार्यक्रम कीर्तनाचा' एवढंच सुदेशने सांगितलं, आणि नव्या वर्णनांवर एजंट पुन्हा कामाला लागला. बरोबर तिसरं टूल उचललं, आणि बटण दाबण्याआधी थबकून विचारलं: "सर्व पाने काढून तपशिलात 'कीर्तन' लिहीत आहे. बरोबर ना?"

सुदेशने 'हो' लिहिलं. पुढे एक शब्द नाही.

आता उरले आबा. सगळं ऐकून त्यांनी मिशीवर हात फिरवला. "मला परत एकसष्ट करताय? करा. पण फेटा हवा. पहिल्या खेपेला टोपीवर भागवलं होतंत."

रविवारी हॉलच्या दाराशी मोठ्या अक्षरांत आबांच्या एकसष्टीची पाटी लागली. गल्लीतली माणसं हा काय चमत्कार म्हणून आत डोकावली आणि सतरंजीवर टेकली. नवख्या कीर्तनाला एरवी कोण येतं! पाटी वाचून बुवा फेट्यातल्या आबांपाशी आले. "काय हो, वय चोरता?"

"मी कशाला चोरू? वेबसाइटने दिलं, घेतलं."

बुवा पोट धरून हसले. मग वळून त्यांनी संचिताच्या कपाळी बुक्का लावला. तिने वडिलांकडे पाहिलं. सुदेशच्या जिभेवर तिला सांगायला एक छानशी गोष्ट आली होती. तो नुसती मान हलवून खाली बसला. चिपळ्या वाजल्या, आणि पोरीचा पहिला सूर खणखणीत लागला.