आधी कुठलं फोल्डर

माऊला सातवा महिना लागला आणि तिला आईची आठवण छळायला लागली. आई म्हणजे जन्म देणारी. ती माऊ पहिलीत असतानाच गेली होती. पुढे वडिलांनी दुसरं लग्न केलं, आणि घरात जी आली तिला माऊ 'माई' म्हणायला लागली. सावत्र हा शब्द त्या घरात कुणी तोंडातून काढला नाही. माईनं तिच्या वेण्या घातल्या, तापात तिच्या उशाशी बसली, कॉलेजात तिनं घातलेले गोंधळ बापाच्या कानावर जाऊ न देता निस्तरले. नंतर माईला मुलगा झाला. त्याचं नाव काहीही असो, सगळे त्याला बाळ्या म्हणत, आणि मिसरूड फुटलं तरी तो बाळ्याच राहिला. माऊ लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती.

एक दिवस तिचा फोन आला.

"माई, सगळे म्हणतात मी आईसारखी दिसते. पण मी बघू कुठे? भिंतीवर तो एकच फोटो, तोही ओळखपत्रावरून मोठा केलेला. त्यात ती कुणासारखीच दिसत नाही. बाबांनी त्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये ढीगभर फोटो ठेवले होते ना गं?"

"होते," माई म्हणाली. "काढून बघते."

फोन ठेवला, पण तिचा हात त्यावरच राहिला. तो कॉम्प्युटर माळ्यावर कसा गेला हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा तो बाहेरच्या खोलीत, जेवणाच्या टेबलासमोरच असायचा. थोडा वेळ कुणी हात लावला नाही की पडद्यावर आपोआप फोटो सरकायला लागायचे. नवऱ्याची पहिली बायको. पहिली हसतेय, पहिली कणीक मळतेय, पहिली चिमुकल्या माऊला खांद्यावर घेऊन उभी आहे. नवऱ्याचं तिकडे लक्षही नसायचं. माई मात्र त्या पडद्याकडे पाठ करून वाढायची. पुढे तो रखडायला लागला, घरात लॅपटॉप आला. नवरा म्हणाला, "यातले फोटो काढून घ्यायला हवेत." माई म्हणाली, "घेऊ की सावकाश." आणि त्याच आठवड्यात तिनं तो चादरीत गुंडाळून माळ्यावर चढवला. कुणी काही लपवलं नाही, कुणी काही पुसलं नाही. सावकाश ते सावकाशच राहिलं, एवढंच.

आता बाळ्यानं तो खाली उतरवला. बटण दाबलं तर आतून नुसती घरघर आली आणि पडदा काळाच राहिला.

माई चष्म्याच्या दुकानात काम करायची. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती त्या डब्यासकट दुरुस्तीवाल्याकडे गेली. टक्कल पडलेला, बडबड्या माणूस. त्यानं झाकण उघडलं, धुळीचा लोट उठला, तसा तो दोन पावलं मागे सरकला.

"ताई, यात शेती करता येईल," तो म्हणाला.

त्यानं आतली डिस्क काढून आपल्या मशीनला जोडली. ती फिरायला लागली, पण मध्येच टक, टक असा आवाज यायचा. दुरुस्तीवाल्याची बडबड थांबली.

"हिचे दिवस भरलेत," तो म्हणाला. "सगळं एकदम ओढायला गेलो तर जागच्या जागी बसेल. एकेक फोल्डर काढू. आधी कुठलं?"

पडद्यावर नवऱ्यानं केलेली दोनच फोल्डरं होती. एकावर पहिलीचं नाव. दुसऱ्यावर 'बाळ्या'.

माईनं दोन्ही नावं वाचली. बाळ्याच्या जन्माच्या वेळी तिचे वडील दवाखान्यात आले होते. जन्मभर कॅमेरा दिसला की ते पळायचे. "मेल्यावर काढा, तेव्हा हलणार नाही मी," म्हणायचे. त्या दिवशी मात्र नातवाला मांडीवर घेऊन गुपचूप बसले. त्यानंतर ते फार जगले नाहीत. ते फोटो माईनं त्यानंतर कधी पाहिले नव्हते. कॉम्प्युटर तिनं स्वतःच माळ्यावर टाकला होता, मग मागणार कुणाकडे?

लहानसंच तर फोल्डर असेल, तिच्या मनात आलं. असा कितीसा वेळ लागणार?

"बाळ्या," ती म्हणाली.

फोटो एकामागून एक येऊ लागले. वडील दिसले, मांडीवर कपड्यात गुंडाळलेलं बाळ, आणि तोंड असं की जणू कुणी त्यांना परीक्षेला बसवलंय. माईनं पदर तोंडाला लावला. तिला हवं होतं ते मिळालं होतं.

तेवढ्यात दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, यात पुढे नुसते व्हिडिओ आहेत. वेळ खातील. हे थांबवून दुसरं घेऊ का?"

याच एका क्षणाचा हिशोब माई पुढे स्वतःकडे मागत राहिली. वडील मिळाले होते. उरलेले व्हिडिओ म्हणजे बाळ्या रांगतोय, बाळ्या भात सांडतोय. तिला सगळं कळत होतं. तरी ती म्हणाली, "असू दे. अर्धवट कशाला? होऊ दे पूर्ण."

व्हिडिओ पूर्ण झाले. दुरुस्तीवाल्यानं पहिलीचं फोल्डर घेतलं. एक फोटो आला, दुसरा आला, आणखी काही आले. मग टकटक वाढली, एक लांब करवतीसारखा आवाज झाला, आणि डिस्क गप्प झाली. त्यानं ती काढून पुन्हा लावली, थंड होऊ दिली, दुसऱ्या मशीनला जोडून पाहिली. शेवटी मान हलवली.

"आतली चकती ओरबाडली गेली. आता ब्रह्मदेव आला तरी काही निघायचं नाही." मग तिचा चेहरा पाहून म्हणाला, "तुमचा काय दोष ताई? ती जायचीच होती."

पहिलीचे म्हणून जे फोटो आले ते बोटांवर मोजण्याइतके. एकात खिडकी आणि पडदा, एकात कुणाचा तरी अंगठा. दोनतीन पाठमोरे. एकच बरा होता. जिन्याच्या पायरीवर बसून ती बुटाची नाडी बांधत होती आणि काहीतरी बोलता बोलता वर बघत होती. तोंड अर्धं उघडं, डोळा एकच दिसणारा.

घरी नवरा म्हणाला, "मिळाले तेवढे मिळाले. तू केलंस ते काय कमी आहे?" माई स्वयंपाकघरात निघून गेली.

त्या शनिवारी माऊ आली. जिन्यावरचा फोटो तिनं मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला, आणि माईच्या गळ्यात पडली. पोट मध्ये येत होतं म्हणून कडेनंच पडली. "कसली धावपळ केलीस गं माझ्यासाठी." माईचे हात लाकडासारखे झाले. मग बाळ्यानं स्वतःचे व्हिडिओ लावले आणि माऊ हसून हसून बेजार झाली.

"याचे बरे सगळेच्या सगळे आले!" ती म्हणाली. "नशीब काढलंय पोरानं."

गप्प बसायला कुणाची आडकाठी नव्हती. दुरुस्तीवाल्यानं तिला निर्दोष ठरवलं होतं, नवऱ्यानं शाबासकी दिली होती. पण माऊची मिठी अजून तिच्या अंगावर तशीच होती.

"नशीब नाही," माई म्हणाली. "त्यानं विचारलं होतं आधी कुठलं काढू. मी बाळ्याचं सांगितलं."

माऊचं हसू मावळलं. "तुझे बाबा होते त्यात, म्हणून ना?"

"ते आधीच मिळाले. मग त्यानं पुन्हा विचारलं, हे थांबवून दुसरं घेऊ का. मी नको म्हणाले."

"का?"

"माहीत नाही."

"एक फोन करायचास मला, माई. एक फोन."

नवरा मध्ये पडला. "अगं, तिला काय माहीत डिस्क जाईल म्हणून..."

"माहीत होतं," माई म्हणाली. "त्यानं आधीच सांगितलं होतं."

माऊ उठली आणि आतल्या खोलीत गेली. तिनं दार आपटलं नाही. आपटलं असतं तर माईला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती परत गेली. त्यानंतर तिचे फोन यायचे ते बापाला किंवा बाळ्याला. "माईला दे" असं ती म्हणेना, आणि माईही फोन मागेना.

माई दुकानात दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवायची, कानामागच्या दांड्या वाकवायची आणि मनात तोच प्रश्न घोळवायची. का? पहिलीनं तिचं काय वाकडं केलं होतं? नवऱ्यानं कधी तुलना केली नाही, पोरीनं कधी टोमणा मारला नाही. एक मेलेली बाई, तीही हसणारी, आणि आपण तिच्यावरून इतकी वर्षं कुढत राहिलो. त्या दिवशी दुरुस्तीवाल्याच्या दुकानात आपल्या हातात सुरी आली आणि आपण ती बाजूला ठेवली नाही, असं तिला वाटायचं.

एक दिवस जेवताना तिनं नवऱ्याला विचारलं, "तुम्ही तेव्हा ते फोटो कुणाला द्यायचात का हो?"

"मेव्हणीला. प्रिंट काढून पाठवायचो." तो भात कालवत म्हणाला. "कितीतरी वर्षांत बोलणं नाही."

मेव्हणी म्हणजे पहिलीची थोरली बहीण, माऊची मावशी. भांडण वगैरे काही झालं नव्हतं. माईनं तिला कधी बोलावलं नाही, आणि ती कधी आपण होऊन आली नाही.

माई रविवारी तिच्या दारात उभी राहिली. दार उघडलं तशी ती दचकलीच. जिन्यावरच्या फोटोतला अर्धा चेहरा इथे पुरा, केस पिकलेला, समोर उभा होता.

मावशीनं तिला ओळखलं. आत घेतलं, पाणी दिलं, पण स्वतः बसली नाही.

"आहेत फोटो," डिस्क गेल्याचं ऐकून ती म्हणाली. "पण तुझ्या हातात नाही द्यायची मी."

"माझ्या हातात नकोच. तुम्ही माऊला बोलवा."

"तूच सांग की तिला."

"ती माझ्याशी बोलत नाही." आणि माईनं का ते सांगितलं. व्हिडिओंचं सुद्धा.

मावशी आता खुर्चीत बसली. बराच वेळ टेबलावरचा डाग नखानं खरवडत राहिली. "मला हे सांगायची काय गरज होती? फोटो तर मी तसेही दिले असते तिला."

"तुम्ही मला चांगली समजला असतात," माई म्हणाली. "पुन्हा तेच नको वाटलं."

मावशीनं तिच्यासमोरच माऊला फोन लावला. दोघी खूप वेळ बोलल्या. मग मावशीनं फोन माईपुढे धरला. "घे. तुझ्याशीच बोलायचंय म्हणते."

"मी पुढच्या शनिवारी जाणारे मावशीकडे," माऊ सरळ मुद्द्यावर आली. "ह्यांना सुट्टी नाही, बाबांचे गुडघे दुखतात, आणि मला एकटीला बस झेपत नाही. तू येशील?"

"येईन."

"ठीक आहे." फोन ठेवला गेला.

शनिवारी मावशीनं माऊला आतल्या खोलीत नेलं. माई बाहेरच बसली. मावशीच्या यजमानांनी तिला चहा दिला आणि नळाला पाणी कसं कमी येतं ते सविस्तर सांगितलं. आतून आधी रडणं ऐकू आलं, मग दोघींचं हसणं, मग पुन्हा रडणं. माई मान हलवून नळाचं ऐकत राहिली.

खूप वेळानं माऊ बाहेर आली. एक फोटो तिनं माईपुढे धरला. "तू रोज चेहरे बघतेस. खरं सांग, दिसते मी तिच्यासारखी?"

माईनं फोटो हातात घेतला. पाठ फिरवायला इथे जागा नव्हती. गरोदर बाई उन्हात डोळे बारीक करून उभी होती. माईनं नाक पाहिलं, दोन डोळ्यांतलं अंतर पाहिलं, कान पाहिले, गिऱ्हाइकाचे पाहावेत तसे.

"डोळे नाहीत, डोळे तुझ्या बाबांचे," ती म्हणाली. "पण नाक आणि हनुवटी हुबेहूब. आणि ही अशी कमरेवर हात ठेवून उभी राहतेस ना तू, ती लकब सुद्धा तिचीच."

माऊनं खाली पाहिलं. तिचा हात कमरेवरच होता.

परतीच्या बसमध्ये तिची पिशवी माईच्या मांडीवर होती. फोटोंचं पाकीट तिनं स्वतःजवळ ठेवलं होतं, दोन्ही हातांनी धरून.

"माझा राग गेलेला नाही, माई."

"नाहीच जाणार लगेच."

"कधी जाईल तेही माहीत नाही."

"बरं," माई म्हणाली. तिला वाटलं होतं, आज काहीतरी हलकं होईल. तसं काही झालं नाही. ती पिशवी सावरून बसली.

बरंच अंतर गेल्यावर माऊ खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "मंगळवारी डॉक्टरकडे जायचंय. लवकर यावं लागेल तुला, तिथे रांग फार असते."