गार ब्रेकच्या पेडलाची कैफियत

मित्रांनो, कापायच्या कापडाच्या कोपऱ्यावर ते जे वाकडे लोखंड ठेवले आहे ना, तो मी. एका वेगवान गाडीचा जुना ब्रेकचा पेडल. कापड सरकू नये म्हणून मला इथे ठेवतात. माझी घडण मात्र यापेक्षा मोठ्या गोष्टी थांबवण्यासाठी झाली होती.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. एका कारखान्यात पोलादाची पट्टी यंत्राने वाकवली, टोकाला चौकोनी पाऊल जोडले, त्यावर रबराची टोपी चढवली आणि मी झालो. त्याच दिवशी जन्मलेली माझी भावंडे चार दारांच्या साध्या गाड्यांत गेली. मला मिळाली दोन दारांची, जमिनीला पोट टेकलेली, सकाळी सुरू केली की शेजाऱ्यांनाही उठवणारी गाडी. मला त्याचा अभिमान वाटला. अभिमान वाटायला स्वतः काही करावे लागत नाही, हे मी पुढे माणसांकडूनही शिकलो.

पेडलाचे आयुष्य पायांत जाते. चेहरे क्वचित दिसतात. बूट दिसतात आणि आवाज ऐकू येतात. माझा पहिला मालक गाडी जपून चालवायचा. त्याचे गुडघे कुरकुरू लागले, खाली वाकून गाडीत शिरणे जमेना, तेव्हा त्याने ती विकली. मग मी एका उताराच्या माथ्यावरच्या घरात आलो.

त्या घरात तीन माणसे होती. आई, ताई आणि धाकटा. धाकटा विमा कंपनीत नोकरीला होता. लोकांच्या गाड्या कुठे आणि कशा आपटल्या हे तपासणे त्याचे काम. ताईचे उताराच्या पायथ्याशी पडदे आणि सोफ्याची कव्हरे शिवायचे दुकान होते. गाडीच्या सीटची कव्हरेही तिनेच शिवली. अधूनमधून तीही गाडी चालवायची, आणि तिचा पाय माझ्यावर पडला की मला बरे वाटायचे. दिवसभर शिवणयंत्राचा पेडल चालवणारा पाय तो. किती दाबले की किती चालते, हे त्याला न विचारता कळायचे. धाकट्याचा पाय धसमुसळा. त्याला माझ्याशी बोलायचे नसायचे, मला हुकूम सोडायचा असायचा.

एकदा ब्रेक करकरू लागले. चाकांतले पॅड झिजले होते. मित्रांनो, पॅड म्हणजे चाकाच्या तबकडीला चिमटीत धरून थांबवणारे जाड तुकडे. माझे काम फक्त निरोप पोचवण्याचे, धरण्याचे काम त्यांचे. होते तसलेच नवे पॅड बसवले असते तर संध्याकाळपर्यंत विषय संपला असता. पण धाकटा निवडायला बसला. गाडी दाराशी उभी करून, आतच बसून, तो मोबाईलवर ब्रेकचे व्हिडिओ बघायचा. मोठी तबकडी की भोके पाडलेली? पॅड ज्यात बसतात तो कॅलिपर लाल की पिवळा? लग्नासाठी आलेली स्थळेसुद्धा त्याने इतकी निरखून पाहिली नव्हती.

"ऑफिस पळून चाललंय का तुझं, एवढे ब्रेक लावायला?" एकदा तिघे बाहेर निघाले असताना ताईने शेजारच्या सीटवरून विचारले.

"तुला नाही कळायचं, ताई."

"नाही बुवा. मी आपली पडदेवाली."

आई मागे बसली होती. म्हणजे तिला घडी घालून मागे ठेवले होते. ती तिथून म्हणाली, "थांबायची एवढी हौस आहे तर घरी थांब ना. भाजी तरी निवडशील."

दोघी हसल्या. धाकट्याचा पाय माझ्यावर आला आणि चौकात उगाचच जोरात थांबला.

गॅरेजवाल्याने खिडकीत कोपर टेकवून सगळे नीट समजावून सांगितले. "हे रस्त्याचे पॅड. गार असले तरी धरतात. आणि हे शर्यतीच्या ट्रॅकवरचे. कितीही तापले तरी दमत नाहीत. पण गार असले की झोपलेले असतात. आधी चार-पाचदा जोरात दाबून तापवायचे, मग धरतात. तुम्ही गाडी कुठं चालवता?"

धाकटा गाडी घर ते ऑफिस आणि ऑफिस ते घर चालवायचा. मधे सिग्नल पुष्कळ होते. त्याचा बूट माझ्यावर जरा चुळबुळला.

"पळवतो तशी," तो म्हणाला.

"मग ट्रॅकचेच घ्या," गॅरेजवाला म्हणाला. त्यात सल्ला नव्हता आणि फसवणूकही नव्हती. ते लाल कॅलिपर बरेच दिवस त्याच्या फळीवर पडून होते, आणि एकदा कोणाच्या तरी गाडीत बसलेले बघायची त्यालाही इच्छा होती.

त्या दिवसापासून माझे फार कौतुक सुरू झाले. निदान मला ते कौतुक वाटले. रोज सकाळी धाकटा उताराला लागण्याआधी घरामागच्या सपाट गल्लीत गाडी न्यायचा, थोडी पळवायचा आणि मला दाबायचा. पुन्हा पळवायचा, पुन्हा दाबायचा. मग कुठे उताराकडे वळायचा. आजवर माझ्याकडे कोणी इतके लक्ष दिले नव्हते.

एका सकाळी ताई शेजारी होती. "हे काय? गाडीला उचक्या लागल्यात का?"

मित्रांनो, सांगायचे वाक्य लहान होते. गार असताना हे ब्रेक धरत नाहीत, तापवावे लागतात. एवढेच. पण त्यावर ताई काय म्हणेल, आणि ती आईला जाऊन काय सांगेल, आणि दोघी मिळून ते किती वर्षे पुरवतील, हे त्याला दिसत असावे. हंगामभर निवड करून आणलेले ब्रेक पहिल्या दाबाला धरतच नाहीत, हे कोणत्या तोंडाने सांगणार? त्याचा पाय माझ्यावर घुटमळला. मग तो म्हणाला, "काही नाही गं, लाड करून घेते गाडी. पण ब्रेक बघ, आधीच्यापेक्षा दुप्पट आहेत. नुसतं बोट लावलं तरी थांबते."

"बोट लावून चालवतोस होय. तरीच."

पुढे थंडी पडली. काचांवर सकाळी दव गोठू लागले. ताईची सामानाची गाडी दुरुस्तीला गेली होती, आणि एका दवाखान्यात तिला रुग्ण यायच्या आत पडदे लावून द्यायचे होते. धाकटा सर्दीतापाने अंथरुणात होता. तिने चावी मागितली, त्याने दिली. गठ्ठे मागे कोंबून ती बसली. तेवढ्यात वरची खिडकी उघडली.

"ताई, क्लच जरा कडक आहे हं."

"बरं."

"आणि उजवीकडची काच खाली करू नकोस, वर येत नाही."

"बरं. ब्रेक?"

वर आईचा खोकला ऐकू आला. ती त्याच्या शेजारीच उभी होती.

"ब्रेकची काळजीच नको," धाकटा म्हणाला. खिडकी लागली.

ताईला घाई होती. ती मागच्या गल्लीत गेली नाही, जायचे तिला कोणी सांगितलेच नव्हते. ती सरळ उताराला लागली. आणि ब्रेक दुप्पट आहेत हे माहीत असल्यामुळे नेहमीपेक्षा जरा मोकळी निघाली. जुने ब्रेक असते तर ती जपून उतरली असती.

पहिल्यांदा तिने मला हलकेच दाबले, यंत्राला दाबावे तसे. गाडी चालतच राहिली. तिने आणखी दाबले. मी दगडासारखा घट्ट होतो. माझ्याकडे आले ते सगळे मी पुढे पाठवले, तेलाने ते चारी चाकांपर्यंत नेले. तिथे ते पॅड झोपले होते. तिने दुसरा पायही माझ्यावर ठेवला. "अरे, थांब ना," ती म्हणाली. दार ओढणाऱ्या पोराला सांगावे तशी, हळूच. हे ती मला म्हणाली. मी त्यावर काहीच करू शकलो नाही.

खाली नाक्यावर ट्रकमधून खुर्च्या उतरवत होते. माणसे रस्त्यात उभी होती. ताईने गाडी गोदामाच्या दगडी भिंतीकडे वळवली. आदळण्याच्या आदल्या क्षणी मला वाटले, पॅड आता जागे होताहेत. ते खरोखर जागे होऊ लागले होते.

मग गाडीचे नाक आत आले आणि त्याबरोबर मीही मागे ढकलला गेलो. माझ्यावर तिचा पाय होता. ती सारा जीव लावून दाबत होती, त्यामुळे तो सुटलाही नाही. तिचा उजवा घोटा मोडला तो माझ्याखाली आणि माझ्यामुळे. मीही वाकलो, पण लोखंडाला त्याचे काही वाटत नाही.

गाडीची तपासणी झाली. तपासणाऱ्याने ब्रेक तापवून पाहिले आणि सांगितले की ब्रेकमध्ये काही दोष नाही, उलट फार चांगल्या प्रतीचे आहेत. गॅरेजवाला म्हणाला, "मी मालकांना सांगितलं होतं." तेही खरे होते. लाल कॅलिपरांना ओरखडासुद्धा नव्हता. ते कोणीतरी लगेच नेले, आता दुसऱ्या गाडीत असतील.

मी भंगारात जायचा, पण ताईने मला मागवले. "आण त्याला. बघू तरी, कोणाशी गाठ होती." धाकट्याने मला कापडात गुंडाळून दुकानात आणले. कुबडी भिंतीला टेकवून तिने मला हातात घेतले, उलटसुलट केले, आणि म्हणाली, "वजन चांगलं आहे." मग मला टेबलावरच्या कापडावर ठेवले. तेव्हापासून मी इथे आहे.

"ते आधी तापवायचे असतात, ताई," धाकटा उभ्याउभ्या म्हणाला.

"कळलं."

"मी सांगणार होतो."

"कधी?"

धाकट्याने खाली पाहिले. खाली तिचा पाय होता, म्हणून मग त्याने माझ्याकडे पाहिले.

तिचा उजवा घोटा आता वळत नाही. शिवणयंत्राचा पेडल तिने डाव्या बाजूला सरकवून घेतला. डावा पाय अजून शिकाऊ आहे. मधेच यंत्र पळते, शिवण कापडाबाहेर जाते, आणि ताई ती उसवायला घेते. मोठी कामे ती आता घेत नाही. दवाखान्याचे पडदे दुसऱ्याच कोणी लावले.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. तुमच्याही गाड्या असतील आणि तुम्हीही त्यांचे ब्रेक निवडाल. खुशाल निवडा. फक्त गाडी खरोखर जिथे चालवता तिथले निवडा, मनात चालवता तिथले नकोत. आणि ज्याच्या हातात चावी द्याल त्याला सगळे सांगा. तो हसला तर हसू द्या. हसण्याने कोणाचे हाड मोडल्याचे मी अजून ऐकलेले नाही.

धाकटा रोज ऑफिस सुटल्यावर चालत दुकानात येतो. गाडी आता नाहीच. ताईच्या हाती कप देताना सांगतो, चहा गरम आहे. ती उठली की सांगतो, पुढे पायरी आहे. कात्री उघडी आहे, वायर पायात आहे, ऊन लागतंय. ताई ऐकून घेते. काल दाराशी त्याने सांडलेले पाणी पुसले आणि म्हणाला, "ताई, इथं ओलं आहे, बघून ये."

ताईने कापडावरची खडूची रेघ पुरी केली. मान वर केली नाही.

"आता इतकं सांगतोस," ती म्हणाली. "तेव्हा एवढंच सांगायचं होतंस."

धाकटा फडके हातात घेऊन उभा राहिला. ताईने मला उचलून रेघेच्या टोकाला ठेवले, तळहाताने घट्ट दाबले आणि कात्री चालवली. कापड जागचे हलले नाही.