सुईच्या टोकाएवढे बुडबुडे

साठी बुद्धी नाठी म्हणतात ते काही उगाच नाही. आता आपण समुद्राखाली एकट्याने जाणार, असं घड्याळजींनी साठाव्या वर्षी जाहीर केलं, तेव्हा सिस्टरच्या हातातली इस्त्री होती तिथेच राहिली आणि चांगल्या शर्टाच्या कॉलरला भोक पडलं.

सिस्टर म्हणजे त्यांची बायको. तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात नर्स होती, त्यामुळे अख्खी गल्ली तिला सिस्टर म्हणायची. घड्याळजी घाबरले की तेही म्हणायचे.

"एकट्याने का?" तिने विचारलं.

"बेकरीवाला गेला ना, सिस्टर."

बेकरीवाला तसा धडधाकट होता. गुडघे बदलून घेऊन लेकीकडे राहायला गेला होता, एवढंच. अठरा वर्षं दोघं जोडीने पाण्यात उतरले. नवे जोडीदार मिळायचे, पण ते खाली गेले की बस सुटल्यासारखे पळत सुटायचे. घड्याळजींचा जन्म गेला घड्याळं दुरुस्त करताना भिंगातून स्क्रू बघण्यात! एका दगडापाशी अर्धा तास थांबायचं आणि कपारीतली नखाएवढी कोळंबी मिशा कशा साफ करते ते बघायचं, यात त्यांचं सुख. असल्या सुखाला दुसरा भिडू कुठून मिळणार?

डायव्हिंग शिकवणाऱ्या बाईंनी मात्र बजावलं, की जोडीदार नाही तर त्याचं काम सामानाने करायला हवं. मोठं सिलिंडर दगा देईल तेव्हा वर येण्यापुरती हवा असलेलं वेगळं छोटं सिलिंडर हवं, दुसरा मास्क हवा, जाळ्यात पाय अडकला तर कापायला दोन चाकू हवेत. शिवाय काठावर घरचं माणूस कागद घेऊन बसलेलं हवं. कुठे उतरला, किती खोल, किती वाजता परत येणार आणि नाही आला तर फोन कुणाला करायचा, सगळं त्या कागदावर. खाली घरच्या माणसाची सही. एक त्या दिवसापुरती, एक वर्षभर एकट्याने उतरू देण्याची.

"ज्यांना कपाटातले मोजे सापडत नाहीत, ते पाण्याखाली सिलिंडर शोधणार!" सिस्टर म्हणाली. "परीक्षा मी घेणार. इथे, स्वयंपाकघरात."

आपण नापास व्हावं अशीच तिची इच्छा आहे, हे त्यांना ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं.

पहिल्या परीक्षेत सगळं सामान अंगावर चढवून, डोळ्यांवर मफलर बांधून घड्याळजी ओट्यापाशी उभे राहिले. "हवा संपली!" सिस्टर ओरडली. घड्याळजींनी चाचपडत बेसिनच्या नळाची रबरी नळी धरली आणि सरळ तोंडात घातली. छोटं सिलिंडर त्यांच्याच डाव्या कुशीला बांधलेलं होतं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा! बावन्न सेकंद. आटोपलात तुम्ही, मी विधवा झाले. आता तो ओटा पुसा."

पण माणूस चिकाटीचा. रोज संध्याकाळी दुकान बंद करून यायचा आणि मफलर बांधायचा. बावन्नचे वीस झाले, विसाचे चार. एकदा तिने गुपचूप एक चाकू उजव्या खिशातून डाव्या खिशात टाकला. पट्टा आवळण्याआधीच घड्याळजी म्हणाले, "माझ्या सामानाला हात कुणी लावला?" सिस्टर खिडकीबाहेर बघत राहिली.

सबबी संपल्या, तरी सही काही होईना. थिएटरात तिचं काम मोजणीचं. पेशंटच्या पोटात कापसाचे किती बोळे गेले, किती बाहेर आले. हिशोब जुळल्याशिवाय डॉक्टर कितीही ओरडला तरी ती टाके घालू द्यायची नाही. सामान ती मोजू शकत होती, पण नवऱ्याचा हावरेपणा कशाने मोजणार? "आलो, पाचच मिनिटं," असं म्हणून भिंगाला चिकटलेला हा माणूस उभ्या आयुष्यात कधी पाच मिनिटांत उठला नव्हता. घरी जेवण गार व्हायचं. पाण्याखाली काय होईल, याची तिला खरोखर भीती वाटत होती.

समुद्रातल्या परीक्षेचा दिवस तीन आठवडे वाऱ्यापायी पुढे ढकलावा लागला. मग एका सकाळी पाणी अगदी निवळशंख झालं. बाई स्वतःचं सामान चढवून काठावर तयार बसल्या. सिस्टरने त्या दिवसापुरती सही केली, वर्षाची जागा कोरी ठेवली. ठरलं चाळीस मिनिटांचं. पंचेचाळिसाव्या मिनिटाला फोन.

घड्याळजी पाण्यात शिरले. सिस्टरने घड्याळावर नजर लावली.

सहाव्याच मिनिटाला डोकं वर आलं.

बुटांसकट ती गुडघाभर पाण्यात गेली. घड्याळजी मात्र शांतपणे चालत येत होते, पायातले रबरी पंख हातात आणि चेहरा एवढासा झालेला.

"काय झालं हो?"

"छोट्या सिलिंडरच्या मानेशी बुडबुडे येत होते. सुईच्या टोकाएवढे, पण एकामागून एक."

बाईंनी वाकून पाहिलं. "रबरी कडं खराब झालंय. बदलते. मोठं सिलिंडर ठणठणीत आहे, एवढ्याने तसं काही बिघडलं नसतं."

"ठाऊक आहे," घड्याळजी म्हणाले. "दगड समोर दिसत होता. कोळंबीही होती. वाटलं, पाचच मिनिटं..."

"मग?" सिस्टरने विचारलं.

"मग काय, आलो परत. हस आता. तीन आठवडे वाट बघितली आणि हात हलवत आलो!"

सिस्टर हसली नाही. ती तशीच ओल्या बुटांनी दगडावर बसली, पेन काढलं आणि वर्षाच्या कोऱ्या जागेवर सही ठोकली.

"अगं, मी तर धड उतरलोही नाही!"

"म्हणूनच," ती म्हणाली आणि सवयीने सामान मोजायला लागली. मास्क दोन. चाकू दोन. सिलिंडर दोन. मग तिने त्यांच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढलाच नाही.

"हा एक," ती म्हणाली. "मोजणी बरोबर आहे. उद्या जा."