येर्मोलायचा किनारा

आमच्या येर्मोलायला पत्रं लिहायचा भारी कंटाळा. सरकारी मोजणीदार तो. दिवसभर आकडे लिहून बोटं आखडायची. शिवाय मला कुठे वाचता येतं? उत्तर समुद्राचा किनारा मोजायला निघाला तेव्हा म्हणाला, "पत्र पोचेल न पोचेल, उस्तिन्या. मोजलेला किनारा मात्र पीटर्सबर्गला पोचणारच, तो महाराणीचा आहे. नकाशावर रेघ पुढे सरकली की समज, मी चालतोय."

म्हणून मी नकाशे रंगवायला शिकले. आमच्याच गल्लीतले प्रोखोरकाका तांब्याच्या पत्र्यावर नकाशे कोरायचे. दर हिवाळ्यात मोजणीचे कागद आले की पत्र्यावर तेवढा नवा किनारा कोरायचे आणि एक छाप मला रंगवायला द्यायचे. आठ वर्षांत माझा नवरा सात नद्या ओलांडून गेला होता. रेघ नखाएवढीच सरकली की मी चिडायचे.

"झोपा काढतो की काय तिकडे?"

"कुत्र्यांच्या गाडीमागे साखळी ओढत तू मोजून बघ, मग बोल," काका म्हणायचे.

यंदा नेवा नदी गोठली तरी छाप येईना. मी रोज त्यांच्या दारात. आज नाही, उद्या बघू, हेच चाललेलं. आठव्या दिवशी मी दारातच बसकण मारली. "घेतल्याशिवाय हलायची नाही," म्हटलं. काकांनी तासभर आत खुडबुड केली आणि छाप आणून हातात ठेवला. रेघ चांगली दोन बोटं पुढे गेली होती. मी घरी येऊन आधी कोबीचं सूप गरम करून पोटभर जेवले. कित्येक दिवसांत इतकी भूक लागली नव्हती.

मग समुद्र रंगवायला घेतला. छपाईची शाई तेलातली, तिच्यावर कितीही पाणी फिरवा, हलत नाही. पाचव्या नदीपर्यंत ती हलली नाही. त्यापुढे कुंचला टेकवला आणि किनारा निळ्यात विरघळायला लागला. मी टिपायला गेले तर आणखीच पसरला. तीन वर्षांचं त्याचं चालणं माझ्या डोळ्यांदेखत काळं पाणी होऊन गेलं.

तो ओला कागद तसाच घेऊन मी काकांकडे गेले. त्यांनी कागद बघितला आणि हातातली कोरणी खाली ठेवली.

"पाचव्या नदीवरच गेला तो," ते म्हणाले. "तापानं. तिथवरचे कागद त्याच्या सोबत्यानं पाठवले. तुला सांगायचं काम कचेरीनं माझ्यावर टाकलं होतं. त्या हिवाळ्यात तू दारात हसत आलीस गं. माझी जीभच उचलेना, खरा छाप तेवढा हातात दिला."

"आणि पुढचा किनारा?"

"हातानं काढायचो. आधी दोनदा छपाईचीच शाई तेलात पातळ करून काढला, ती वाळायला आठवडा लागतो. यंदा धीर होत नव्हता, म्हणून टाळत राहिलो. तू तर दारात ठाण मांडलंस. मग दौतीतली पाण्याची शाईच लावली."

मला इतका संताप आला की तो ओला कागद मी त्यांच्यापुढे आपटला. तीन वर्षं मी मेलेल्या माणसाला आळशी म्हणत होते.

"तीन वर्षं फसवलंत," मी म्हणाले, "मग चौथं नीट फसवता आलं नाही तुम्हाला?"

काका तोंड झाकून रडायला लागले. मला येर्मोलाय हवा होता. तो नाही तर ती खोटी रेघ तरी.