तांबडा म्हणजे कुठला?

धर्मपालने आयुष्यात विजेचं एकच काम केलं होतं, ते म्हणजे एसटीतली घंटी वाजवणं, आणि तीसुद्धा दोरीवर चालायची. सोलापूर-वैराग-बार्शी रूटवर बत्तीस वर्षं कंडक्टरकी करून तो निवृत्त झाला आणि दोन महिन्यांत घरी बसून कंटाळला. मग मोबाईलवर कुणीतरी घरच्या घरी ॲम्प्लिफायर बनवताना दिसला आणि याच्या डोक्यात किडा शिरला.

नव्या पेठेत श्रीशैलचं सुट्या भागांचं दुकान होतं. तिथून सोल्डरची गन आली, तार आली, पुड्याच्या पुड्या आल्या. पहिल्या आठवड्यात धर्मपालने दोन बोटं भाजून घेतली, टेबलावरच्या कापडाला भोक पाडलं आणि दाराला एक बेल करून बसवली. ती दाबली की वाजायची आणि सोडली तरी थांबायची नाही.

"हौसेला मोल नसतंय," मुक्ताबाई म्हणाली, "पर कापडाला भोक पडलं त्येचं काय?"

मुक्ताबाई म्हणजे त्याची बायको. दर बुद्धपौर्णिमेला सकाळी वस्तीतल्या विहारात ती गायची, स्वतः जुळवलेली गाणी. यंदा मात्र माघातच तिच्या गळ्यातली गाठ काढली होती. आवाज शाबूत राहिला, पण डॉक्टरांनी बजावलं होतं की जोर लावायचा नाही. विहारातले दोन स्पीकर चांगले होते, पण त्यांना जोडलेली ॲम्प्लिफायरची पेटी ठार बहिरी. तिच्यापुढे घसा फोडल्याशिवाय मागच्या रांगेत अक्षर पोचत नसे.

"यंदापासनं मी न्हाय गात," एके दिवशी पीठ मळता मळता ती म्हणाली. अगदी भाजी काय करू विचारावं तशी. ती गाणार नाही म्हणजे घरातलं काय काय बंद पडणार, ते धर्मपालला तिथल्या तिथे कळलं.

"तू हळू गा," तो म्हणाला. "मोठं करायचं काम माजं."

"तुमचं? आदी ती बेल बंद करा."

पौर्णिमेला बारा दिवस होते. धर्मपाल उठला तो थेट श्रीशैलकडे गेला. श्रीशैलने हळू आवाजासाठी चालेल असा ॲम्प्लिफायरचा संच काढून दिला. नवशिक्याच्या हातून जळतात म्हणून प्रत्येक भाग दोन-दोन जास्तीचे घातले आणि कुठे काय बसवायचं ते मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून दिलं. "काका, सगळी गंमत रेझिस्टरच्या रंगात हाय," तो म्हणाला. "पट्टे बघून लावा. चुकला की बोंबलला."

रेझिस्टर म्हणजे तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा जिन्नस, अंगावर रंगीत पट्टे. पट्ट्यांवरून त्याची किंमत, म्हणजे तो वीज किती अडवतो ते, ठरते. धर्मपालच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलेला, त्याला ते पट्टे म्हणजे नुसती गिचमीड. मुक्ताबाईची नजर मात्र चाळीस वर्षं तांदळातले खडे वेचून तयार झालेली. तेव्हा ठरलं असं की त्याने कागद वाचायचा आणि तिने दाणा उचलून द्यायचा. सगळे रेझिस्टर तिने मसाल्याच्या जुन्या डब्यात ओतले आणि दोघं उजेडाला दारात बसली.

कागदावर श्रीशैलने लिहिलं होतं, 'तपकिरी, काळा, लाल.' पण धर्मपालच्या तोंडात लाल हा शब्द कधी बसलाच नव्हता. आईने शिकवलं तेच तोंडात.

"तपकिरी, काळा, तांबडा," तो म्हणाला.

मुक्ताबाईने एक दाणा उचलला आणि थबकली. "अवं, ह्येच्या दोन्ही टोकांचा रंग एकच की."

"तुला सांगितलंय त्येवढं दे. हितं शास्त्र हाय."

शास्त्रापुढे कोण बोलणार? तिने दिला, त्याने सोल्डरचा डाग दिला. चार दिवस असं चाललं. तिकिटांचं मशीन आल्यावर रिकामी झालेली पत्र्याची तिकीटपेटी त्याने जपून ठेवली होती, तिच्यात सगळा संसार बसवला. बाजूला जुन्या टीव्हीचा स्पीकर जोडला, माईक मुक्ताबाईच्या हातात दिला आणि चाचणीला बोलावल्यासारखे चार शेजारी दारात गोळा झाले.

ती पहिली ओळ हळूच गायली. पेटीतून आधी शिट्टी आली, मग पत्रा फाडल्यासारखा खरखरीत आवाज. गाणं कुठलं ते देवालाही कळलं नसतं. शेजारी हसले, धर्मपालही हसला. मुक्ताबाई हसली नाही. तिने माईक अलगद खाली ठेवला.

"बगा," ती म्हणाली, "फाटलाय माजा आवाज. तुमी समदे मला खोटं सांगत व्हता."

"मुक्ते, त्यो पेटीचा..."

"ऱ्हाऊ द्या आता." आणि ती आत निघून गेली.

त्या दिवशी घरात नुसती भांडी आदळत राहिली. गाठ काढल्यापासून ती मनात काय घेऊन वावरत होती ते धर्मपालला आता उमगलं, आणि आपण चांगलं करायला जाऊन तिची भीतीच खरी करून दाखवली, या विचाराने त्याला स्वतःचा भयंकर राग आला. सकाळ होताच पेटी काखोटीला मारून त्याने दुकान गाठलं. श्रीशैल अजून उदबत्ती लावत होता.

श्रीशैलने झाकण काढलं, भिंग लावलं आणि एका दाण्यावर बोट ठेवलं. "हितं हजारचा पायजे, तुमी शंभरचा लावलाय. आवाज दहापट जादा चढतोय, मग फाटणारच की. कागदावर लाल लिवलंय, ह्यो तर तपकिरी. रंग कुणी बगितले?"

"आमच्या घरातलीनं. तिची नजर लई तेज हाय."

"मग नजर न्हाय चुकली काका. दुसरंच कायतरी चुकलंय."

तो घरी आला. मुक्ताबाई अंगणात मोगऱ्याच्या कुंडीला पाणी घालत होती.

"मुक्ते, तांबडा मंजी कुठला गं?"

तिने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू याचं डोकंही आता तपासून घ्यावं. मग कुंडीवर टिचकी मारली. "ह्यो. आमच्या बाच्या गाईचा. इटंचा."

"आन त्या जास्वंदीचा?"

"त्यो लाल की!"

धर्मपाल पायरीवरच बसला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. चाळीस वर्षांचा संसार, आणि नवऱ्याचा तांबडा वेगळा, बायकोचा वेगळा. मग हसणं आवरून त्याने सरळ सांगितलं, "चूक माजी. दोन्ही टोकं एक हायेत म्हणालीस तू, मी ऐकलं न्हाय. तुजा आवाज न्हाय फाटला. माजा शब्द फाटका निगाला."

ती आत गेली, मसाल्याचा डबा घेऊन आली आणि त्यातून नेमका एक दाणा काढून त्याच्या तळहातावर ठेवला. "तपकिरी, काळा, लाल," ती म्हणाली. "नीट डाग द्या."

पौर्णिमेच्या सकाळी विहार भरला होता. तिकीटपेटी दोन्ही स्पीकरना जोडून धर्मपाल तिच्याशेजारी बसला. मुक्ताबाई माईकपुढे उभी राहिली, पण तोंड उघडेना. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने पेटीच्या पत्र्यावर बोटाने दोनदा वाजवलं. टण टण. बत्तीस वर्षं डबल बेल दिली की गाडी सुटायची.

ती गायला लागली. हळू, अजिबात जोर न लावता. धर्मपालला पेटीजवळ बसवेना, तो उठून थेट मागच्या भिंतीपर्यंत चालत गेला. आवाज त्याच्याबरोबर आला. शेवटच्या रांगेत कमी ऐकू येणाऱ्या राजाबाई बसल्या होत्या, त्यांच्या शेजारी तो टेकला.

"आज लई हळू गातीया न्हाय?" राजाबाई म्हणाल्या. "पर समदं कळतंय बग. अशी कवा गायली नव्हती."

"गात व्हती," धर्मपाल म्हणाला.

भाकरी थापताना ती असंच गायची, तव्यापाशी, स्वतःपुरतं. चाळीस वर्षं ते त्याच्या एकट्याच्याच कानावर पडत होतं. आज सगळ्या वस्तीने ऐकलं. त्याला अभिमान वाटला आणि थोडंसं वाईटही वाटलं.