खुणेचा नारळ

मी देवभोळी नाही, हे आधीच सांगून ठेवते. विरारला अठरा वर्षं शाळेची गाडी चालवली. वीस पोरांचं रडणं, ओकणं, हरवलेले डबे, सगळं निस्तरलं, पण गाडीत कधी देवाचं चित्र लावलं नाही. त्यामुळे भर दुपारी काजूच्या बागेत उकिडवी बसून, खड्डा खणून मी नारळ पुरत होते, हे कुणी बघितलं असतं तर मला तोंड लपवायला जागा उरली नसती. पण नारळापासून सुरुवात करून चालायचं नाही, आधीचं सांगायला हवं.

आमचे हे, काशीराम, गोदीतून रिटायर झाले आणि दोन वर्षांत यांचा उजवा हात थरथरायला लागला. मग पाय. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. यंदा दिवाळीनंतर म्हणाले, "जे फिरायचंय ते आताच फिरून घ्या. पुढच्या वर्षी उभं राहणं जमेलच असं नाही." एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली. मला तर ती बेल त्यांच्या हातातून हिसकावून घ्यावीशी वाटली.

माझी गाडी शाळेनं जुनी म्हणून बंद केलीच होती. सीटा काढल्या, पलंग बसवला, मागे शेगडी, पाण्याची टाकी, वर एक पंखा. पिवळ्यावर पांढरा रंग मारला तरी उन्हात खालची शाळेच्या नावाची अक्षरं दिसतातच. मुलगी दुबईहून फोनवर म्हणाली, "आई, ह्याला कॅराव्हॅन म्हणतात." म्हणा बापडे. मला वाटलं, आता गोवा बघू, हंपी बघू. यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "शिमग्याला गावी जाऊया. आपल्या घरी पालखी घेऊ."

"कुठल्या घरी?"

"ह्या," असं म्हणून यांनी गाडीच्या पत्र्यावर थाप मारली.

मी गप्प बसले. मी गप्प बसले म्हणजे काय ते माझ्या ओळखीच्यांना कळेल.

गावात आमचं घर नाही. नाही, कारण मी ते घालवलं. आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवीची पालखी घरोघर येते. वर्षभर मुंबईत पिचलेला माणूस त्या एका तासासाठी रजा मागत फिरतो. पालखी दाराशी टेकली की घरची थोरली सून देवीची पहिली ओटी भरते. थोरली मी. बावीस वर्षांपूर्वी आमची एसटी महाडला बंद पडली, आम्ही पोचलो तेव्हा धाकट्या जावेनं, हिरानं, ओटी भरून झाली होती. देवीला थांबवून ठेवता येत नाही, हे आज मला कळतं. तेव्हा मी डोक्यात राख घालून घेतली. जिथं माझा मान नाही ते घर नको, म्हणाले. आणि नुसतं म्हणून थांबले नाही. दोन महिने यांचं डोकं खाल्लं आणि राजापूरला नेऊन हक्कसोड पत्रावर सही करायला लावली. यांनी चकार शब्द काढला नाही. सही केली, बाहेर येऊन स्टँडवर मला लिंबू सरबत पाजलं. मला वाटलं, मी जिंकले. हक्क सोडला त्याबरोबर पालखीच्या यादीतलं यांचं नावही गेलं, आणि नंतर हे शिमग्याला गावी गेलेच नाहीत.

तर राजापूरच्या अलीकडे, वाडीच्या खालच्या अंगाला, गुणाजीच्या काजूच्या बागेत आम्ही गाडी लावली. गुणाजी यांचा शाळेतला दोस्त. बागेच्या तोंडाशीच त्याचं घर, ते गावातलं शेवटचं. वरच्या आमच्या जुन्या घराकडे पाखाडीच्या दगडी पायऱ्यांनी जावं लागतं, तिथं गाडी चढत नाही.

बागेतले ते दहा दिवस इतके शांत होते की मला बरं नसल्यासारखं वाटायचं. सकाळी काजूची पिकली फळं, बोंडू, टपटप पडायचे. मी गुणाजीबरोबर ते वेचायचे, बी पिरगळून काढायची, हात चिकट व्हायचे. बोंडवांचा आंबूस वास सगळीकडे. कलमांवर बोराएवढे आंबे धरलेले. दुपारी कातळावरून वारा यायचा आणि वाळलेली पानं गाडीखाली जमा व्हायची. हे खुर्चीत बसून घर तयार करायचे. हो, घर. गुणाजीकडून फणसाची एक फळी मागून घेतली आणि गाडीच्या दाराला तिचा उंबरा ठोकला. खिळा मी धरायचा, हातोडी यांच्या हातात. तीनदा माझ्या बोटावर बसली. मी शिव्या हासडल्या, हे खुदुखुदु हसले. रंगाच्या डब्यात तुळस लावली. पायरीपुढची जमीन मला शेणानं सारवायला लावली, पालखी टेकायला.

"अहो, पण गाववाले येतील का?" मी विचारायचे.

"का नाय येणार? उंबरा आहे, तुळस आहे, चूल पेटते. घराला आणखी काय लागतं?"

होळीच्या आदल्या दिवशी गुणाजी गावच्या बैठकीला जाऊन आला. आला तो माझ्याकडे न बघता दावणीकडेच गेला. मी मागोमाग गेले.

"वैनी, नाय म्हणतत," तो म्हणाला. "चाकाच्या घराला पालखी नाय. ती गाडी उद्या गोव्याला गेली तर देवीनं कुठं जायचं, असं विचारतत."

"आणि भावोजी?" यांचा धाकटा भाऊ हरिश्चंद्र आता पालखीचा मानकरी.

"तो खाली मान घालून बसला होता."

मी तशीच पाखाडी चढले. चढताना काय काय बोलायचं ते जुळवत होते. शाळेच्या फाटकाशी वॉचमनशी भांडायचे तशी तयारी. बावीस वर्षांनी त्या अंगणात पाय ठेवला. हरिश्चंद्र गोणपाटावर बी वाळत घालत होता, मला बघून उठून उभा राहिला.

"भावोजी, सख्खा भाऊ आहे तुमचा. त्याचे दिवस कसे चाललेत ठाऊक आहे ना? एक दहा मिनिटं पालखी खाली आणली तर देवीचं काय जाणार आहे?"

"वैनी, मी एकटा ठरवणारा कोण? आज गाडीला नेली, उद्या मुंबईवाला तंबू ठोकून मागेल." त्यानं मुठीतली बी गोणपाटावर टाकली. "दादाला इथं आणा. खुर्चीत बसवून चौघं उचलून आणतो. घर त्याचंच हाय. मी कधी नाय म्हटलंय?"

"ते येत नाहीत. म्हणतात, तिथं मी पाहुणा."

हिरा माजघरातून पाणी घेऊन आली. केस पिकलेत तिचे. म्हणाली, "ताई, त्या वर्षाचं माझ्या मनात राहिलंय. तेव्हापासून पहिली ओटी मी तुमच्या नावानं भरते आणि माझी मागून. दरवर्षी. तुम्हाला कळवायची हिंमत झाली नाय."

मी भांडण घेऊन गेले होते आणि धरायला कुठं शेंडा सापडेना. पाणी प्यायले. एक तरी माणूस वाईट असता तर मला बरं पडलं असतं. वाईट तेवढी मीच, आणि माझ्याशी भांडून पालखी थोडीच येणार होती.

खाली आले तर हे शुभ्र शर्ट दांडीवर वाळत घालत होते. "काय म्हणाला हरी?"

"बघूया म्हणाले," मी सांगितलं. खोटं बोलायची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

पालखी फिरायला लागली त्या सकाळी बी वेचताना गुणाजीनं सहज खुणांचा विषय काढला. शिमग्यात मानकरी गुपचूप कुठंतरी नारळ पुरतात. पालखी खांद्यावर घेणाऱ्यांना जागा माहीत नसते. पालखी त्यांना ओढत नेते आणि बरोबर नारळावर जाऊन टेकते. "खांदा दिलेल्याला कळतं वैनी. आपण चालत नाय, ती चालवते."

असलं काही माझ्या डोक्यात शिरत नाही. पण दुपारी हे झोपले, आणि मी ओटीसाठी आणलेल्या दोन नारळांतला एक उचलला, कोयती घेतली आणि सारवलेल्या जागेच्या कडेला खड्डा खणला. जांभ्याची जमीन ती, कोपरभर खणायला अर्धा तास गेला. नारळ ठेवला, माती लोटली, वर पानं पसरली. काय बोलायचं ते येत नव्हतं. शेवटी म्हटलं, "बाई, चूक माझी आहे. त्यांना का?" आणि मग मला इतकं रडू आलं की पदर तोंडात कोंबावा लागला.

तिसऱ्या दिवशी पालखी खालच्या घरांना आली. दुपारी तीनचा सुमार. हे अकरापासून तयार. पांढरा शर्ट, टोपी, हातात ताट. ताटात नारळ, खण, तांदूळ, हळदकुंकू. बसा म्हटलं तर बसेनात. उंबऱ्याच्या आत, दाराला पाठ टेकून उभे. हात थरथरायचा, ताटातले तांदूळ सांडायचे, मी ओंजळीनं पुन्हा घालायचे. असं किती वेळा केलं ते मोजलं नाही.

गुणाजीच्या अंगणात ढोल वाजला. झाडांमधून देवीचे रुपे, ते चांदीचे मुखवटे, चमकताना दिसत होते. गाऱ्हाणं झालं, ओट्या झाल्या. गुणाजी काहीतरी हात जोडून सांगत होता, हरिश्चंद्र नकारार्थी मान हलवत होता. पालखी उठली. आता ती वळून वर जाणार. मी यांच्याकडे बघायचं टाळलं.

आणि पालखी बागेकडे वळली.

नाचत नाचत कुंपणाच्या बेड्यापर्यंत, आडव्या बांबूंच्या फाटकापर्यंत आली. बेडं ओलांडलं. चार पावलं, सहा पावलं. ढोलवाला बावचळून थांबला आणि पुन्हा वाजवायला लागला. माझ्या अंगावर काटा आला. मी, जिनं कधी उदबत्ती लावली नाही, मी हात जोडून उभी. दहा पावलं झाली असतील. आमच्यापासून पालखी दोन झाडांवर होती, देवीच्या गळ्यातली झेंडूची माळ मला स्पष्ट दिसत होती.

मग मला पुढचा खांदा दिसला. रूपेश, हरिश्चंद्राचा मोठा मुलगा, तिशीतला, जयगडला बंदरावर कामाला असतो. दात आवळलेले, मानेच्या शिरा फुगलेल्या. तो एकटा रेटत होता. पालखी चालवत नव्हती, काका दारात उभा दिसतोय म्हणून पोरगा ती ओढून आणत होता. मागच्या दोघांच्या ते लक्षात आलं. कुणीतरी त्याचं नाव घेऊन दरडावलं. पालखी हेलपाटली, जागच्या जागी दोनदा फिरली आणि तिचं तोंड वाडीकडे झालं. हरिश्चंद्र आमच्याकडे एकदा बघून गेला. त्याचे डोळे मला बघवले नाहीत.

ढोल पाखाडीनं वर वर गेला आणि मग ऐकू येईनासा झाला. हे ताट धरून तसेच उभे होते. मी ताट घेतलं तर बोटं सुटेनात, एकेक सोडवावी लागली.

"बघितलंस?" हे म्हणाले. चेहरा उजळलेला. "आली होती. आपल्याकडेच निघाली होती."

"हो," मी म्हणाले.

"वाटेपर्यंत आली होती गं. घर नाही सापडलं तिला."

रूपेशचं नाव माझ्या ओठांवर आलं आणि मी ते गिळलं. मी यांना खाली बसवलं, टोपी काढली, घाम पुसला. बावीस वर्षांपूर्वीच्या सहीबद्दल बोलायचं होतं, माफी मागायची होती. नुसतं तोंड उघडलं आणि विचारलं, "चहा टाकू का?"

"टाक," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आवराआवर करायला घेतली. थांबून करायचं काय होतं. टाकी रिकामी केली, दोरी सोडली. तुळशीचा डबा आत घेतला. नारळ मात्र तसाच टाकून जाववेना. गुणाजीच्या हाताला लागला असता तर त्याला काय सांगणार होते. हे डुलक्या घेतायत असं बघून मी कोयती घेऊन पानं बाजूला केली आणि माती उकरायला लागले. शेंडी दिसली.

"राहू दे तो."

वर बघितलं तर हे फणसाच्या उंबऱ्यावर, गाडीचं दार धरून उभे. पाय लटपटत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पुरताना इतका आवाज करतात का? सगळी दुपार खणत होतीस." हसले. मग म्हणाले, "खूण घातलीयस ना, मग काढू नकोस. पुढच्या वर्षी सापडेल तिला."

पुढच्या वर्षाबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते यांनी माझ्याइतकंच ऐकलं होतं. मी यांच्याकडे बघितलं, हे माझ्याकडे बघत होते. मी कोयती ठेवली आणि दोन्ही हातांनी माती परत लोटली.